सॅम्सनभाऊंचा उजवा हात

इस्राएलहून परतल्यावर साताऱ्यात जो तो मला एकच विचारत होता: जेरुसलेम पाहिलंत का, आणि मृत समुद्रात तरंगलात का? दोन्ही केलं. जेरुसलेमच्या भिंतीला हात लावला. मृत समुद्रात पाठीवर पडून स्वतःच्या पायाची बोटं पाहिली, आणि डोळ्यांत ते पाणी गेल्यावर एका अनोळखी बाईच्या बाटलीतल्या गोड्या पाण्याने डोळे धुतले. पण हे सगळं माझ्याहून हौशी माणसांनी लिहून ठेवलं आहे. माझ्या मनातून जात नाही तो एका माणसाचा हात. म्हणून त्या हाताचं लिहिते आहे. मृत समुद्र गाळल्याबद्दल वाचणाऱ्यांनी माफ करावं.

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. पहिल्या वर्षाच्या मुलांना बेडकाच्या पायाचा स्नायू विजेने उडवून दाखवायचा, ही माझी वर्षानुवर्षांची चाकरी. पाय मेलेला असतो, तरी उडतो. मुलं दचकतात, आणि मी दर वर्षी तेच सांगते की उडणं म्हणजे जिवंत असणं नव्हे. नव्वदचं दशक सरत आलं असताना तेल अविवच्या एका प्रयोगशाळेत काही आठवडे काम शिकायला जायची संधी मिळाली. बेडकावरून थेट माणसाच्या मेंदूवर बढती, असं आमच्या विभागप्रमुखांनी निरोप देताना म्हटलं होतं.

तेल अविव, रविवार

रविवारी सकाळी कामावर हजर राहा, असा निरोप होता. मला वाटलं, कुणीतरी वार चुकलं. पण तिकडे आठवडा रविवारीच उघडतो. बस खच्चून भरलेली, आणि मांडीवर बंदूक घेऊन पेंगणारी विशीतली पोरं-पोरी. माझ्या वर्गातल्या मुलांच्या वयाची. शेजारच्या मुलीच्या बंदुकीची नळी वळणावळणावर माझ्या गुडघ्याला लागत होती, आणि ती झोपेतच ‘स्लिखा, स्लिखा’ म्हणत माफी मागत होती. मी अंग चोरून बसले.

प्रयोगशाळेचे प्रमुख यायर. किडकिडीत, पायात सँडल, हातात तळाशी गाळ साचलेल्या कॉफीचा ग्लास. त्यांना सगळे, अगदी फरशी पुसणारी बाईसुद्धा, नुसतं ‘यायर’ म्हणत. आपल्याकडे निवृत्त माणसालाही मरेपर्यंत ‘सर’ म्हणायची रीत. मला नुसतं नाव तोंडातून फुटेना. शेवटी मी ‘यायर सर’ असा तोडगा काढला. त्यांना ते माझं काहीतरी धार्मिक वळण वाटलं असावं, कारण त्यांनी कधी हटकलं नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला खुर्चीत बसवलं. अंगठ्याच्या मुळाशी दोन तारा चिकटवल्या. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दोन वेटोळी असलेलं, दांड्याचं एक यंत्र डोक्यावर डावीकडे टेकवलं. टक्क असा आवाज झाला आणि माझा उजवा अंगठा माझ्या परवानगीशिवाय उडाला. पडद्यावर एक लाट उमटली. दुखलं नाही. इतकी वर्षं बेडकांना जे केलं ते आज आपल्या वाट्याला आलं, एवढंच मनात आलं, आणि मी हसत सुटले.

त्यांचं खरं काम होतं जोडठोक्यांचं. एका ठोक्याऐवजी दोन. पहिला इतका हलका की त्याने एकट्याने अंगठा हलत नाही. दुसरा नेहमीचा, जोरकस. दोघांमध्ये सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजायचं अंतर. हे अंतर अगदी थोडं ठेवलं तर पहिला ठोका दुसऱ्याला दाबून टाकतो आणि अंगठा जेमतेम थरथरतो. अंतर जरा वाढवलं तर तोच हलका ठोका दुसऱ्याला बळ देतो आणि लाट मोठी उठते. मला परसातला झोपाळा आठवला. झोका मागे येत असताना हात लावला तर तो अडतो. टोकाला पोचून पुढे निघताना तोच हात लावला तर उंच जातो. मेंदूत हालचाल करवणारं जसं काही आहे तसं आवरणारंही आहे, आणि दोघांचा तोल या जोडठोक्यांनी मोजता येतो. अर्धांगाच्या झटक्यानंतर तो तोल कुठे जातो, हे यायर शोधत होते.

दुपारी कॉफी पिताना त्यांनी विचारलं, "तुम्ही मराठी बोलता ना?"

मी म्हटलं, दुसरं काय बोलणार.

मग त्यांनी सांगितलं. लोदहून एक गृहस्थ येतात. तरुणपणी ठाण्याहून इकडे आले, विमानतळाजवळच्या दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलं. झटक्यात उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. वाचा हळूहळू परतली ती फक्त मराठी. इतक्या वर्षांत मिळवलेली हिब्रू पार पुसली गेली. "बायको दुभाषी म्हणून सोबत येते," यायर म्हणाले, "पण तिच्या भाषांतरावर मला भरवसा ठेवता येत नाही. ती मध्ये आपली आशा मिसळते."

त्याच आठवड्यात

ते गृहस्थ, सॅम्सनभाऊ, चाकांच्या खुर्चीतून आले. रुंद मनगटांचा, दाट भुवयांचा माणूस. उजवा हात मांडीवर पालथा पडलेला. खुर्ची ढकलत होती मुलगी मीखल, आणि पुढे चालत होत्या त्यांच्या पत्नी फ्लोराबाई. फुलाफुलांचा झगा, गळ्यात मंगळसूत्र आणि खांद्याला भलीमोठी पिशवी.

"अगो बाई, सातारा? म्हणजे आपल्याच की," फ्लोराबाईंनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. "ठाण्याला तलावपाळी हाय ना तशीच? आणि आमची मशीद?"

ठाण्यातल्या सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराला, ही जुनी मराठी ज्यू मंडळी मशीदच म्हणतात, हे मला माहीत होतं. दोन्ही आहेत म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. सॅम्सनभाऊ माझ्याकडे टक लावून पाहत होते. एकेक शब्द वर्कशॉपच्या कपाटातून शोधून काढावा तसे ते बोलले.

"बाय. तुमी. जरा. बोला. कायपण."

मी काहीबाही बोलत राहिले. साताऱ्याचं, पावसाचं, आमच्याकडच्या कंदी पेढ्यांचं. त्यांचे डोळे भरून आले. लोदला मराठी बोलणारी म्हातारी मंडळी आहेत, पण या झटक्यानंतर फारसं कुणी येईनासं झालं होतं. मुलीला स्वयंपाकघरापुरती मराठी कळते, पण उत्तर ती हिब्रूतच देते. बापलेकींमध्ये आता एक भाषा उरली नव्हती. मीखल शेजारी उभी राहून आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत होती, आणि मला उगाचच अपराधी वाटलं.

आशा कशी मिसळतात ते लगेच कळलं. यायरनी विचारलं, हात हलवायचा विचार केल्यावर हातात काही जाणवतं का? सॅम्सनभाऊ म्हणाले, "काय नाय." फ्लोराबाई हिब्रूत भरभर काहीतरी बोलल्या. मीखलने डोळे मिटले आणि मला इंग्रजीत सांगितलं, "आई म्हणते, बाबांना मुंग्या येतात."

त्या दिवसापासून दुभाषीपणा माझ्याकडे आला.

यायरनी आधी मेंदूची चांगली बाजू तपासली. टक्क. डावा अंगठा असा उडाला की फ्लोराबाईंनी टाळी वाजवली. मग यंत्र दुखऱ्या बाजूला आलं. टक्क. पडद्यावर सरळ रेघ. जोर वाढवला. कपाळाचे स्नायू आखडून सॅम्सनभाऊंचा डोळा मिचकला, पण मांडीवरचा हात जसाच्या तसा. पुन्हा. पुन्हा सरळ रेघ.

"पुढच्या खेपेला जोडठोके देऊन पाहू," यायर म्हणाले. "एकट्या ठोक्याला उत्तर देत नाही, पण आधी हलका धक्का दिला तर कदाचित देईल. ही तपासणी आहे, उपचार नाही. हे त्यांना नीट सांगा."

मी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. सॅम्सनभाऊंनी डाव्या हाताने त्या वेटोळ्यावर टिचकी मारून पाहिली.

"कॉपरची क्वाईल," ते म्हणाले. मग डाव्या हाताची दोन बोटं वर करून, "पयल्यानं जागं करायचं. दुसऱ्यानं स्टार्ट."

"बरोबर, भाऊ."

"कधी? हिच्या लग्नाच्या. आधी?"

मीखलचं लग्न महिन्याच्या आत होतं. तपासणी त्याआधी होईल, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण त्यांनी विचारलेलं तपासणीबद्दल नव्हतं, हे मला पुढे कळलं.

लोद, शुक्रवार

शुक्रवारी दुपारनंतर शब्बातसाठी, म्हणजे शनिवारच्या विसाव्यासाठी, तिकडे बस बंद होतात, दुकानांची शटरं खाली येतात. म्हणून फ्लोराबाईंनी मला दुपारीच बोलावून घेतलं होतं आणि शनिवार मावळेपर्यंत सोडणार नाही असं बजावलं होतं. लोद म्हणजे विमानं डोक्यावरून जाणारं, चौकोनी इमारतींचं, काहीसं विटलेलं गाव. जिन्यात वाळत घातलेल्या कपड्यांचा आणि कुठल्याशा घरातल्या तळलेल्या मासळीचा वास. फ्लोराबाईंच्या तळमजल्याच्या अंगणात तेलाच्या डब्यांत कढीपत्ता आणि गवती चहा लावलेला. दारात शिरल्याबरोबर मला माझ्या मावशीच्या घरी आल्यासारखं झालं.

जेवायला नारळाच्या दुधातली कोंबडी, वालाचं बिरडं, भात, कोकमाचं सार. मी गावाहून आणलेले बेसनाचे लाडू मोठ्या दिमाखात ताटाशेजारी ठेवले. फ्लोराबाईंचा चेहरा पडला.

"साजूक तुपातले काय?"

मी अभिमानाने हो म्हटलं. मग कळलं की मटण-कोंबडीच्या जेवणात दूध-तूप चालत नाही, कित्येक तास जावे लागतात. म्हणूनच तर यांच्या कोंबडीत नारळाचं दूध, आणि गोडात नारळाच्याच दुधाचा चिकाचा हलवा. माझे लाडू मुकाट कपाटात गेले. "उद्या सकाळी. पयला मी खाणार," सॅम्सनभाऊंनी माझी समजूत काढली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो शब्द पाळला.

पण लाडवांच्या आधीचं सांगायचं राहिलं. ऊन उतरल्यावर फ्लोराबाईंनी मेणबत्त्या लावल्या. त्यांचे भाऊ मोझेसमामा शेजारच्याच इमारतीत राहतात. ते येऊन द्राक्षरसाच्या पेल्यावरची प्रार्थना म्हणाले. प्रार्थना संपली तशी मीखल उठली, बापाच्या खुर्चीसमोर गेली, आणि मान खाली घालून उभी राहिली. सॅम्सनभाऊ टेबलावरच्या कापडाकडे पाहत होते. उजवा हात मांडीवर, डावा खुर्चीच्या दांडीवर घट्ट. ती उभी होती आणि काहीच होत नव्हतं. मग तिने वाकून त्यांच्या गालाचा मुका घेतला आणि ती आपल्या जागी येऊन बसली. भात वाढला गेला.

शुक्रवारी संध्याकाळी बापाने लेकरांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचा, ही यांची रीत. झटका आल्यापासून सॅम्सनभाऊंनी तो दिला नव्हता. ती दर शुक्रवारी उभी राहते आणि दर शुक्रवारी तशीच परत बसते.

"डावा हात ठेवला तर?" भांडी आवरताना मी विचारलं.

फ्लोराबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच कुठल्या परक्या देशातून आले आहे. "तुमी इचारता हे? पोरीच्या डोक्यावर डावा हात कसा ठेवायचा? माझ्या सासऱ्यांनी डाव्या हातानं कुनाला पानीपण दिलं नाय. हा तर आशीर्वाद."

मीखल दारातच उभी होती. तेवढी मराठी तिला कळली असावी. तिने खांदे उडवले आणि डाव्या हाताने बशी पुसून ठेवली. ती डावखुरी आहे. लहानपणी फ्लोराबाईंनी तिचा डावा हात फ्रॉकच्या पट्ट्यात अडकवून ठेवला होता म्हणे, तेव्हा शाळेच्या बाईंनी घरी येऊन फ्लोराबाईंनाच दम भरला. तिला या सगळ्यात अडण्यासारखं काय आहे तेच कळत नव्हतं. बाप आपल्याला हात का लावत नाही, एवढंच कळत होतं.

"मी एलियाहू हन्नाबीला नवस बोललेय," फ्लोराबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. एलियाहू हन्नाबी म्हणजे त्यांचे संकटाला धावून येणारे प्रेषित, आणि मालिदा हा त्यांच्या नावाने वाटायचा गोड पोह्यांचा प्रसाद. "मेंदीच्या दिवशी मालिदा हायेच, तो लग्नाचा. हात आला की दुसरा करीन, हाताचा. तुमची मशीन करील ना?"

"फ्लोराबाई, ते औषध नाही. नाडी बघण्यासारखं आहे."

"नाडी बघितल्याबिगर कुनी औषध देतं काय?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सॅम्सनभाऊ अंगणात कढीपत्त्याशेजारी बसले होते. मी शेजारी स्टूल घेतलं. त्यांना काही बोलायचं होतं ते दिसत होतं.

"फ्लोरा सांगते. डावा वाईट," ते म्हणाले. "तसं नाय." डोक्यावरून एक विमान उतरत गेलं. सवयीने त्यांनी वर पाहिलं, आवाज ऐकला, बरा आहे अशी मान हलवली. "डावा ठेवला. तर उजवा. कशाला येईल?"

मी शरीरक्रियाशास्त्राची अध्यापिका. मी कढीपत्त्याचं एक पान तोडून चुरत बसले.

हैफा

मधल्या आठवड्यात यायर एका व्याख्यानासाठी हैफाला निघाले, मलाही सोबत नेलं. आगगाडी समुद्राला खेटून जाते. डोंगर थेट बंदरात उतरतो, आणि वरून जहाजं खेळण्यातल्यासारखी दिसतात. व्याख्यान फार लांबलं. मग बंदराजवळ तळलेला मासा खाल्ला. काट्यांनी मी बेजार झाले आणि यायर मात्र काटे-चमच्याने सफाईने सोलत होते. इतकं सुंदर ठिकाण, आणि माझं चित्त लोदच्या अंगणात.

"जोडठोक्यांनाही उत्तर आलं नाही तर?" मी विचारलं.

त्यांनी मासा बाजूला सरकवला. "तर माझ्या अनुभवात असे हात परत येत नाहीत. चालणं सुधारतं. बोलणं सुधारतं. बोटं नाही." मग म्हणाले, "मी आपण होऊन कुणाला हे सांगत नाही. पण कुणी विचारलं तर खोटंही बोलत नाही."

परतीच्या गाडीत समुद्र डाव्या हाताचा उजव्या हाताला आला. सॅम्सनभाऊ विचारणार, हे मला माहीत होतं. आणि कुणाला विचारणार, हेही.

पुन्हा तेल अविव

तपासणीच्या दिवशी फ्लोराबाईंनी नवऱ्याला पांढरा सदरा घालून आणलं होतं, शब्बातला घालतात तसा. मीखलने कामावरून सुट्टी घेतली होती. यायरनी कॉफी बाहेरच ठेवली.

हलका ठोका आणि जोरकस ठोका. ऐकताना दोन वेगळे वाटतच नाहीत, एकच टक्क. पडद्यावर सरळ रेघ. अंतर वाढवलं. सरळ रेघ. आणखी थोडं वाढवलं, वेटोळं बोटभर पुढे, बोटभर मागे सरकवलं. प्रत्येक ठोक्याला सॅम्सनभाऊ मांडीवरच्या हाताकडे पाहत होते. वर्कशॉपात इंजिन चालू करताना पाहत असतील तसेच. आम्ही चौघं तो हात पाहत होतो. एवढ्या माणसांनी एका अंगठ्याकडे इतका वेळ पाहिलेलं मला आठवत नाही. मी ज्या देवांना एरवी त्रास देत नाही त्यांनाही त्या वेळी हाक मारली. एकदा सदऱ्याची बाही हलली आणि फ्लोराबाईंनी श्वास ओढला. वाऱ्याने हलली होती. खिडकी उघडी होती.

यायरनी यंत्र खाली ठेवलं.

फ्लोराबाई घाईने हिब्रूत काही विचारू लागल्या, तसा सॅम्सनभाऊंनी डावा हात वर केला. त्या थांबल्या.

"फ्लोरा नको," ते म्हणाले. "बाय, तुमी सांगा. डाक्टर काय बोलतो."

यायर इंग्रजीत बोलले, हळू, लहान वाक्यांत, आणि माझ्याकडे न पाहता सॅम्सनभाऊंकडे पाहून. मी तितकंच मराठीत सांगितलं. "उत्तर आलं नाही, भाऊ. एका ठोक्याला नाही आणि जोडीलाही नाही. असं असलं की हाताची बोटं परत चालणं फार अवघड असतं. पाय आणखी सुधारेल."

"पायाला. कोण विचारतंय," सॅम्सनभाऊ म्हणाले. मग मांडीवरच्या हाताकडे पाहून, "वाट बंद?"

मी हो म्हटलं. त्यांनी दोनदा मान हलवली. यायरकडे वळून त्यांनी डावा हात छातीशी नेला, म्हणजे आभार. यायरना काय करावं कळेना. ते खाली बसले आणि त्यांनी सॅम्सनभाऊंच्या सँडलचा सुटलेला पट्टा लावला.

बाहेर आल्यावर फ्लोराबाईंनी मला गाठलं. त्या रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"थोडं इकडंतिकडं करून सांगता नसतं आलं?"

"त्यांनी सरळ विचारलं, फ्लोराबाई."

"हे लोक खरं तेच बोलतात. हिब्रूत बोलतात, ते यांना पोचत नाय. मी मध्ये हाय ना. यांच्यापत्तर काय जाऊ द्यायचं ते मी बघत व्हते." त्यांनी पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. "आजपत्तर यांना कुनी वाईट बातमी मराठीत सांगितली नव्हती. तुमी सांगितलीत."

त्या निघून गेल्या. मी दारातल्या पायरीवर बसले. मी खरं तेच सांगितलं होतं, आणि तरी त्या म्हणत होत्या तेही खोटं नव्हतं. मला घरची फार आठवण आली.

लोद, मेंदीचा दिवस

मेंदीला जायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं. जाऊन कुणाच्या तोंडाकडे पाहणार? पण आदल्या दिवशी मीखल स्वतः माझ्या खोलीवर आली. दारातच उभी राहून म्हणाली, "बाबा विचारतात, तुम्ही येणार ना." मी तिच्या आईचं काय म्हणून विचारलं. "आईने तुमच्यासाठी वालाचं बिरडं वेगळं काढून ठेवलंय," ती म्हणाली. "पण ती तुमच्याशी बोलणार नाही असंही म्हणाली."

अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. मुंबईहून आणवलेली मेंदी परातीत भिजत होती. म्हाताऱ्या बायका ठाण्यापनवेलकडची जुनी मराठी गाणी म्हणत होत्या, कडव्याच्या मधेच विसरत होत्या, आणि मीखलच्या हिब्रू बोलणाऱ्या मैत्रिणी शब्द न कळता टाळ्या धरत होत्या. मधे टेबलावर मालिद्याचं ताट. भिजवलेले गोड पोहे, वर ओलं खोबरं, वेलची, कडेने फळं लावलेली. सत्यनारायणाच्या शिऱ्याशेजारी ठेवलं असतं तर हे ताट आमच्या माजघरात सहज खपून गेलं असतं. एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन मोझेसमामांनी प्रार्थना म्हटली. फ्लोराबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. माझ्याकडे पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं.

मीखलच्या दोन्ही तळव्यांना मेंदी लागली होती. हात पुढे धरून, कशाला लागू नयेत म्हणून कोपरं अंगाशी आवळून ती उठली, बापासमोर गेली आणि नेहमीसारखी मान खाली घालून उभी राहिली. गाणं थांबलं. तिला काही मिळणार नाही हे तिलाही माहीत होतं. लग्नाआधीचं उभं राहणं तिने टाळलं नाही, इतकंच.

सॅम्सनभाऊंनी डाव्या हाताने मांडीवरचा उजवा हात उचलला. मला वाटलं, तो आता तिच्या डोक्यापर्यंत नेणार. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी तो हात मांडीवर उताणा ठेवला, आत वळलेली बोटं एकेक करून सरळ केली, अंगठा नीट बाजूला ठेवला. शेजारच्या खुर्चीवरचा स्वच्छ पंचा घेऊन त्यावर पांघरला. फार सावकाश. मोझेसमामांनी मान फिरवली. फ्लोराबाई दारातून आत निघून गेल्या.

मग सॅम्सनभाऊंनी डावा हात उचलला आणि मुलीच्या डोक्यावर ठेवला.

आशीर्वादाचे हिब्रू शब्द त्यांच्याकडे उरले नव्हते. मोझेसमामा ते हळू आवाजात म्हणू लागले. त्यांच्या आवाजाखाली सॅम्सनभाऊ आपले म्हणत होते, "बरी राहा. बरी राहा, बाय माझी." मीखलचे खांदे हलू लागले. मेंदीच्या हातांनी तिला डोळे पुसता येईनात, ती तशीच हात पुढे धरून उभी. तेव्हा त्यांनी तिला आणखी खाली वाकायला लावलं आणि डाव्या अंगठ्याने तिचे डोळे पुसले. प्रयोगशाळेत नुसत्या चुंबकाच्या ठोक्याने उडाला होता तोच अंगठा. तिथे कुणी रडत नव्हतं असं नाही. मीही रडले, आणि त्यात आनंद फारसा नव्हता. तिला हवं ते मिळालं होतं. त्यासाठी त्यांनी काय सोडून दिलं ते तिला सांगायला त्यांच्याकडे भाषा नव्हती, आणि मी सांगितलं नाही.

थोड्या वेळाने मी आत गेले. फ्लोराबाई ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या. "ठेवला?" त्यांनी मागे न वळता विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी पदर नसलेल्या खांद्यावर पदर शोधला, आणि मग झग्याच्या बाहीने तोंड पुसलं. "बिरडं खाऊन जा," त्या म्हणाल्या. एवढंच आमचं बोलणं.

दुसऱ्या दिवशी माझं विमान होतं. मेंदीच्या अंगणातून निरोप घेऊन निघताना मालिदा वाटला जात होता. सॅम्सनभाऊंनी ताट आपल्या मांडीवर मागून घेतलं, पंच्याखालच्या हाताला धक्का लागणार नाही असं सांभाळून. डाव्या हाताने त्यांनी मालिद्याची मूठ भरली आणि माझ्यापुढे धरली. डाव्या हाताने प्रसाद. मी घ्यावा की कसं, अशी शंका माझ्या चेहऱ्यावर आली असेल नसेल, पण त्यांना ती दिसली.

"घ्या, बाय," ते म्हणाले. "आता. हाच हात."

मी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.